उंच काठाचा टब

१२ फेब्रुवारी

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, फोनवर मला जे जे सांगतेस ना, ते यात लिहीत जा." कान सोडवून घ्यायचा सभ्य मार्ग. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, परक्यांच्या लाइनी जोडून दिल्या. आणि आता पोटच्या मुलीची लाइन कायम बिझी.

लिहिण्यासारखं आजच घडलं. नाश्त्याच्या वेळी आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "मला आता टबात पाय टाकता येत नाही."

हे विमा कंपनीत शाखाप्रमुख होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बोलणं अजून तसंच: आधी घोषणा, मग शांतता. नोव्हेंबरात त्यांचा डावा खुबा बदलला. पण परवाच स्टुलावर चढून त्यांनी दिवा बदलला होता. तसं म्हटलं तर म्हणाले, "दिवा वेगळा, टब वेगळा."

टब ही या घराच्या आधीच्या मालकाची हौस. काठ गुडघ्याच्या वर येतो. आत उतरायचं म्हणजे घोड्यावर टांग टाकायची, आणि घोडा ओला. हे म्हणतात, टब काढून टाकू. सपाट जमीन करू, बसून अंघोळ करायला आसन, भिंतीला धरायला दांडे, उंच कमोड. मी म्हटलं, "घराचं इस्पितळ करायचंय का?" यावर नुसता खुब्यावर हात ठेवून बसले. तो हात तिथे गेला की माझं तोंड बंद होतं. म्हटलं, बरं, तुमच्यासाठी करू.

मला स्वतःला टबाचा काही त्रास नाही. गेल्या महिन्यात पडले ती साबणामुळे. आज अंघोळ केली नाही, थंडी आहे. अंग पुसून घेतलं.

१६ फेब्रुवारी

मिस्त्री येऊन गेला. आधी टबाकडे पाहिलं, मग नळाकडे, मग आमच्याकडे, आणि दातांतून हवा ओढली. असा आवाज फक्त मिस्त्री आणि दाताचे डॉक्टर काढतात, आणि दोघांचं बिल सारखंच येतं. आकडा ऐकून हे मटकन कमोडवरच बसले. बसायला तिथे दुसरं काही नव्हतं.

बँकेतली ठेव ऑपरेशनला मोडली. म्हणजे आमची सगळी पुंजी सध्या यांच्या डाव्या खुब्यात आहे. व्याज मिळत नाही.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पैसे मी देते, पण त्यापेक्षा तुम्ही दोघं इकडेच या ना. खालच्या मजल्यावरची खोली तशीच पडलीय." तिचं स्वतःचं कर्ज अजून फिटायचंय. आणि तिच्याकडे राहायचं म्हणजे कुठलं भांडं कुठे ठेवायचं हे जावयाला विचारायचं. माझ्या स्वयंपाकघरात मी डोळे मिटून चमचा काढते. नाही म्हणून सांगितलं.

तेव्हा हे म्हणाले, "नगरपालिकेचं अनुदान असतं अशा कामाला. मी चौकशी केलीय."

कधी केली? हे कधी कुठल्या खिडकीवर रांगेत उभे राहिलेत? यांच्यासाठी रांगेत उभं राहायला शिपाई होता, नंतर मी.

३ मार्च

हे कचेरीत जाऊन आले. अनुदान मिळतं, पण निम्म्याहून कमी. बाकीचे आपले आपण घालायचे, आणि काम जूनअखेर सुरू झालं नाही तर मंजुरी रद्द. शिवाय घर माझ्या नावावर असल्यामुळे अर्जही माझ्याच नावाने करावा लागतो म्हणे. सरकारी डोकं! खुबा यांचा, अर्ज माझा. सही करून टाकली.

१४ मार्च

आज अनुदानासाठी घर तपासायला नगरपालिकेची एक बाई आली. तिशीची असेल. हातात टेप, चेहरा हसरा. मी मनात तिचं नाव मापवाली ठेवलं.

यांनी सकाळपासून लंगडायचा सराव केला होता. मी म्हटलंही, "अहो, आहे तेवढं दाखवा, नाटक कशाला?" पण घाबरले की यांना डावं-उजवं कळत नाही. मापवालीसमोर उजव्या पायाने लंगडले. मी डोळ्यांनी खुणावलं, तर दोन्ही पायांनी लंगडायला लागले. मला वाटलं, गेलं अनुदान.

पण मापवाली भली निघाली. मला म्हणाली, "काकू, तुम्हीपण जरा टबात उतरून दाखवता का? दोघांना सोयीचं व्हायला हवं ना." मी म्हटलं, "त्यात काय एवढं!" काठाला धरलं, एक पाय उचलला. तेवढ्यात फोन वाजल्यासारखा वाटला म्हणून पाय परत खाली ठेवला. फोन वाजला नव्हता. पुन्हा उचलणार तर तीच म्हणाली, "राहू दे काकू, कळलं मला." वेळ कमी असेल तिच्याकडे. मग माझ्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, खांद्याचं घेतलं, हात किती लांब पोहोचतो तेही घेतलं. शिंप्यानेसुद्धा इतकं घेतलं नव्हतं. यांचं एकही माप घेतलं नाही. विसरली बिचारी. मी आठवण करून दिली तर हे म्हणाले, "माझं ऑपरेशनच्या कागदात असतं सगळं."

जाताना दोघं बाल्कनीत बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी कपबशा विसळत होते, नळ चालू होता, म्हणून ऐकू आलं नाही. नाहीतर माझ्या कानातून काही सुटत नाही.

२ एप्रिल

अनुदान मंजूर! हे लहान मुलासारखे खूश झाले. मग उरलेल्या पैशांची आठवण झाली आणि मोठ्या माणसासारखे हिशेब मांडून बसले.

मी म्हटलं, "राहू द्या ना मग. तुम्ही तर परवा टबात उतरून अंघोळ केलीत, चक्क गात होतात." म्हणाले, "गाणं दुखण्याचं होतं."

दुपारी खुर्ची मागे सरकली आणि मी खाली बसले. या खुर्च्यांच्या पायांना रबर लावायला हवं. यांनी उचललं मला. एका हाताने. खुब्याला जपा म्हणून ओरडले त्यांच्यावर.

आजही अंग पुसूनच घेतलं. सकाळी गारवा असतो.

९ एप्रिल

यांनी रोज व्यायामाला जायचं ठरवलंय. मोठ्या रस्त्यावर कुठलंसं केंद्र निघालंय, तिथे एक मुलगी करून घेते म्हणे. सकाळी नऊला जायचं, दोनला यायचं. मी विचारलं, "पाच तास व्यायाम? पदक घ्यायचंय का?" म्हणाले, "खुबा नवीन आहे, त्याला वळण लावावं लागतं."

काठी मात्र दारामागेच राहिली. हा विसराळूपणा वाढत चाललाय.

२४ एप्रिल

व्यायाम मानवतोय. हे दमून येतात, पण तोंडावर तजेला असतो. पोटभर जेवतात. पँटवर पांढरी पूड असते. तिथे हातांना लावत असतील. अंगाला नव्या रबराचा वास येतो. काय करून घेते विचारलं तर म्हणाले, "उठबस. नुसती उठबस. दिवसातून शंभरदा बसायचं आणि उठायचं, आणि प्रत्येक वेळी बोलायचं." बोलायचं कशाला? तर म्हणे श्वासासाठी.

आणखी एक. काल जेवताना मला म्हणाले, "तुला माहितीये, भिंतीतला दांडा नुसत्या टाइलवर बसवला तर उपयोग नाही. आत विटेपर्यंत गेला पाहिजे. माणूस पडताना आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकतो." भात माझ्या घशाशी अडकला. ज्या माणसाला आजवर खिळा कुठल्या बाजूने ठोकतात हे ठाऊक नव्हतं!

११ मे

समोरच्या वहिनी चहाला आल्या. त्यांना सगळ्या गल्लीची बित्तंबातमी असते. सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "तुमच्या यांना पाहिलं हो मोठ्या रस्त्यावर. टेम्पोतून उतरत होते. बरोबर लाल जॅकेटवाली मुलगी होती. दोघं काय हसत होते!"

मी म्हटलं, "व्यायाम घेणारी असेल."

"असेल," वहिनी म्हणाल्या, आणि बशीत चहा ओतायला लागल्या.

टेम्पोत कसला व्यायाम?

यांनी परवा नवं शेव्हिंग लोशन आणलं. ते मी आजवर साधं समजत होते.

१९ मे

नीट विचार केला. इतकी वर्षं संसार करून या वयात माणूस हातचा जातो का? जातो. एक्स्चेंजमध्ये असताना मी असे किती फोन जोडले आहेत! यांच्याहून म्हाताऱ्या आवाजांचे.

आणि मी काय आहे आता? आरशात पाहिलं. केसांना धड पाणी लागलेलं नाही. पंखा लावून बसलोय आणि मी थंडी म्हणतेय. यांना वास येत असेल का माझा? एका शब्दाने कधी बोलले नाहीत. जवळ बसायचेच की रोज. आता दोनपर्यंत बसत नाहीत.

वहिनींना सांगितलं. त्या ताडकन म्हणाल्या, "उद्याच जाऊन बघू. टॅक्सी मी सांगते."

२० मे

हे लिहायला बसलेय खरी, पण कुठून सुरू करू?

जिना उतरायलाच वेळ लागला. वहिनी खालून वर येऊन माझ्या पुढे उलट्या उतरत होत्या, मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. गुडघ्यांत कळ होती, पण डोक्यात त्याहून जास्त. टॅक्सीत वहिनींनी धडाधडा पत्ता सांगितला. हे कुठे जातात ते शोधायला आम्ही निघालो होतो. मग पत्ता त्यांना कसा ठाऊक, हे विचारायचं राहूनच गेलं.

टॅक्सी थांबली ती बाथरूमच्या सामानाच्या मोठ्या दुकानासमोर. काचेमागे कमोडच कमोड, पांढरेशुभ्र, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे ओळीत बसलेले. आणि मधल्या एका कमोडवर आमचे हे. कपड्यांसकट. निळा एप्रन, छातीवर बिल्ला. समोर एक जोडपं, आणि त्यांच्याबरोबर कुबड्या घेतलेले वडील.

दार उघडं होतं. वहिनींनी मला दाराशी आडोशाला उभं केलं. माझे कान अजून शाबूत आहेत.

"हे बघा काका," हे सांगत होते, "हात इथे. आधी पुढे वाकायचं, मग उठायचं. अस्सं." उठले. बसले. पुन्हा उठले. काठी नाही, कण्हणं नाही, खुबा लोण्यासारखा चाललेला.

त्या वडिलांनी विचारलं, "तुम्ही घरी पण हेच वापरता का?"

"बसवायचंय अजून. त्यासाठीच इथे काम करतो. सामान इथल्यांना खरेदीच्या भावात मिळतं, आणि पगार मिस्त्रीला जाईल."

"तुमच्यासाठी?"

"माझ्या मंडळींसाठी. जानेवारीत ती टबात पडली, तेव्हापासून टबाजवळ जात नाही. म्हणते थंडी आहे. आमच्या घरी जानेवारीपासून थंडीच आहे."

जोडपं हसलं. ते वडील हसले नाहीत. हेही नाहीत. "तिच्यासाठी करू म्हटलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं," हे म्हणाले. "म्हणून माझ्यासाठी म्हणालो. माझ्यासाठी ती काहीही करते."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. परक्या माणसांसमोर, कमोडवर बसून, माझी अंघोळ! वाटलं, असंच घरी जावं आणि बॅग भरावी. यांची. पण टॅक्सीपर्यंत पुन्हा चालवणार नव्हतं, म्हणून आत गेले. खरं तेच लिहितेय.

ते जोडपं दांडे बघायला पलीकडे गेलं होतं. हे एकटेच कमोडचं झाकण पुसत होते. मी म्हटलं, "नमस्कार. कमोड दाखवता का?"

फडकं हातातून पडलं. लाल जॅकेटवाली मुलगी गल्ल्यावरून ओरडली, "काका, गिऱ्हाईक बघा ना!"

"या, बाई," हे कसंबसं म्हणाले. "कोणासाठी हवाय?"

"नवऱ्यासाठी" हे माझ्या जिभेवर तयार होतं. तीन महिने तेच सांगत होते सगळ्यांना.

"उंची," हे म्हणाले, आणि आवाज शाखाप्रमुखाचा राहिला नव्हता, "उंची ज्याने वापरायचा त्याच्या मापाने घ्यावी लागते. कोणाच्या मापाने दाखवू?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या नळ बघत होत्या. इतकं एकाग्र होऊन नळ कोणी बघत नाही.

"माझ्या," मी म्हटलं.

यांनी टेप काढली, खाली बसले आणि माझ्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. लग्नानंतर चारचौघांत माझ्या पोटरीला हात लावायची यांची ही पहिलीच वेळ. मग मला त्या उंच कमोडवर बसवलं. बसले. दांड्याला धरून पुढे वाकले, आणि उठले. कोणी ओढलं नाही, कोणी उचललं नाही. जानेवारीपासून खुर्चीतूनसुद्धा मी इतकी सहज उठले नव्हते.

पुन्हा बसले. पुन्हा उठले. मग रडू आलं. कमोडच्या दुकानात रडणारी मी पहिलीच असेन. लाल जॅकेटवालीने टिश्यूपेपर आणून दिला. दुकान तिच्या वडिलांचं आहे, ती माल पोहोचवायला टेम्पो चालवते, आणि लग्न ठरलंय.

२४ मे

तीन दिवस बोलले नाही यांच्याशी. माप देऊन आले म्हणून राग गेला असं थोडंच आहे? माझं घर, माझे गुडघे, आणि सगळ्यांनी मिळून मला लहान पोरीसारखं खेळवलं. मापवालीला ठाऊक, लेकीला ठाऊक, वहिनींनाही ठाऊक.

आज चौथ्या दिवशी मीच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," हे म्हणाले. "जानेवारीत तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालीस साबण. दुसऱ्यांदा म्हणालीस, मी काय म्हातारी झाले का. तिसऱ्यांदा हातातला टॉवेल फेकून मारलास."

टॉवेल आठवला. ओला होता.

"आणि समजा लंगडता लंगडता खरंच पडला असतात तर?"

"तर दोघांच्या उपयोगाला आलं असतं," हे म्हणाले. मला हसू फुटलं आणि राग वाया गेला.

१८ जून

काम सुरू. मिस्त्रीने टब फोडायला घण आणला. मी म्हटलं, पहिला घाव मी घालणार. घण उचलेना, म्हणून हातोडी दिली. टबाचा टवकासुद्धा उडाला नाही. तोंड भरून शिव्या मात्र घातल्या. मिस्त्री म्हणाला, "काकू, तुम्ही शिव्या घाला, मी फोडतो." असं अर्धं अर्धं काम करून आम्ही दुपारपर्यंत टब संपवला.

मग एक भानगड. दांडा बसवायच्या भिंतीत वीट निघालीच नाही, नुसता भुगा. आत नवा लाकडी आधार द्यावा लागेल, म्हणजे आणखी खर्च. नगरपालिका मंजूर झालेल्याच्या वर दमडी देत नाही. हे म्हणाले, "मी जुलैतही जातो कामाला." मी म्हटलं, "लेक देतेय तेवढे घेऊ." आता मान वाकवायचीच, तर जरा पूर्णच वाकवावी. लेकीला फोन केला. ती रडली. पैसे मागितल्यावर रडणारी मुलगी मी पहिल्यांदाच ऐकली.

तरी हे जुलैत जाणारच आहेत. विचारलं का, तर चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "तिथे लोक येऊन मला विचारतात गं. काय घेऊ, कसं घेऊ. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं."

मीही नव्हतं विचारलं. म्हटलं, जा खुशाल.

२ जुलै

मापवाली तपासणीला येऊन गेली. सगळे दांडे ओढून पाहिले, एकाला तर लोंबकळलीच. अनुदानाचा हप्ता पुढच्या आठवड्यात मिस्त्रीच्या खात्यात. तिला म्हटलं, "पोरी, त्या दिवशी बाल्कनीत काय बोलत होता?" ती म्हणाली, "काकांना सांगत होते, पुन्हा कुठे लंगडायचं असेल तर एकच पाय धरून ठेवा."

सगळे गेल्यावर अंघोळीला गेले. घोडा नाही, काठ नाही. खोलीतून खोलीत जावं तशी चालत गेले. आसनावर बसले, कढत पाणी सोडलं. डोक्यावरून ओघळत पाठीवर आलं तेव्हा तोंडातून असा काही आवाज निघाला की हे बाहेरून धावत आले. "काय झालं? पडलीस?"

"नाही हो. अंघोळ करतेय."

"बरं," म्हणाले, पण दाराशीच थांबले. सावली दिसत होती दाराखालून. केस धुतले, मान धुतली, पाय घोट्यापर्यंत धुतले. अंगावरून किती मळ निघाला ते इथे लिहीत नाही. पाठीला मात्र हात पोहोचेना. दांडे, आसन, कमोड, सगळ्याचा विचार केला होता सगळ्यांनी. पाठीचा कोणी केला नव्हता.

"अहो," मी हाक मारली, "आत या. पाठ चोळा."

 मग दार किलकिलं झालं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चष्मा काढून, स्पंज घेऊन आले. वाफेत चाचपडत माझ्या मागे उभे राहिले आणि एखाद्या महत्त्वाच्या कागदावर सही करावी तसे जपून चोळायला लागले.

"जोरात," मी म्हटलं. "मोडत नाही मी."

जोरात चोळलं. बरं वाटलं. इतकं बरं की डोळे मिटले. मग हे खालच्या आवाजात म्हणाले, "पाणी फार कढत नाही ना?"

नवीन फवारा हातात धरून हवा तिकडे वळवता येतो. मी तो त्यांच्याकडे वळवला.